प्रीलोड फुल टाईट करूनही मागचा शॉकअप आपटतोय? आधी दोन सॅगमधला फरक मोजा

ताम्हिणीतून बाईकने माणगावला उतरत होतो, मागे बायको, दोन बाजूला बॅगा, आणि एका साध्याच खड्ड्यात मागून असा काही ठाप्प आवाज आला की बायको म्हणाली, मी परत येताना एसटीने येते, तू ये सावकाश. ही काही पहिली वेळ नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी हेच चालू होतं. दोघं जण निघालो की मागून गाडी बसते, खड्ड्यात आपटते, रात्री हेडलाईट आभाळात जातो आणि समोरचे डिप्पर मारत सुटतात. मग मी गॅरेजवर जायचो, मिस्त्री हूक पाना घेऊन प्रीलोडची कॉलर (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी रिंग) दोन आटे आवळून द्यायचा, "आता बघा कशी टाईट झाली". खरंच टाईट वाटायची. मग एकट्याने रोज ऑफिसला जाताना कंबर धरायची, स्पीडब्रेकर उतरताना मागचं चाक वर जाऊन खट्ट करायचं, सिग्नलला पाय टेकायला त्रास, की मी स्वतःच परत सैल करायचो. पुढची ट्रिप आली की पुन्हा ठाप्प. असं दीड वर्ष केलं, लिहिताना लाज वाटते पण केलं.

गाडी कुठली ते महत्त्वाचं नाही, मागे लिंकेजवाला (चाक आणि शॉकअपच्या मधे जोडदांड्या असलेला) एकच शॉकअप आहे, मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण किती वर-खाली होऊ शकतं ते, १८० मिमी. माझं वजन ९५, हेल्मेट-जॅकेट-बूट घातले की १०३ भरतं (काट्यावर उभं राहून बघा एकदा, सगळ्यांचंच सहा-आठ किलोने वाढतं आणि सगळेच ते धरायचं विसरतात). कंपनीतून येणारी स्प्रिंग साधारण ७०-७५ किलोच्या माणसाला धरून असते असं समजून चाला. म्हणजे चूक गाडीची नाही, मीच मापाबाहेरचा.

आता मी कुठे फसलो ते सांगतो कारण बरेच जण इथेच फसतात. सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं की बसल्यावर सॅग ट्रॅव्हलच्या ३० टक्के पाहिजे. सॅग म्हणजे काय तर वजनाने मागची बाजू किती खाली बसते ते. १८० चे ३० टक्के ५४ मिमी. मी टेप घेऊन मोजलं तर कॉलर फुल टाईट असताना माझा सॅग बरोब्बर ५४! मी म्हटलं चला, सेटिंग तर परफेक्ट आहे, मग शॉकअपच गेला असणार, म्हणून सील बदल, ऑइल बदल, बुश बदल असले उद्योग केले. पैसे गेले, ठाप्प राहिला.

कारण सॅग दोन असतात आणि मी एकच मोजला होता. एक म्हणजे गाडी एकटी स्वतःच्या वजनाने किती बसते, त्याला फ्री सॅग म्हणू. दुसरा म्हणजे तुम्ही हेल्मेट-जॅकेट-बुटांसकट बसल्यावर किती बसते, तो रायडर सॅग. फक्त रायडर सॅग बघितला तर कुठलीही पुचाट स्प्रिंग आवळून आवळून ५४ वर आणता येते, ती बरोबर आहे का हे त्यातून अजिबात कळत नाही. कळतं ते दोघांमधल्या फरकावरून.

मोजायचं कसं ते नीट सांगतो. तीन माणसं लागतात, एक बसायला, एक पुढून हँडल धरायला, एक टेप घेऊन खाली वाकायला (घरातलं सगळ्यात चिकट माणूस या कामाला घ्या, अंदाजे आकडे सांगणारं नको). मागच्या ॲक्सलच्या नटापासून सरळ वर टेलवर कुठेतरी मास्किंग टेप लावून पेनाने रेघ मारा, तिन्ही वेळा याच दोन खुणांमध्ये मोजायचं. पहिलं माप मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, शॉकअप पूर्ण उघडलेला. दुसरं माप गाडी चाकांवर सरळ उभी, कोणी बसलेलं नाही, फक्त हँडल धरलेलं. तिसरं माप तुम्ही पूर्ण तयारीनिशी बसून, दोन्ही पाय फूटरेस्टवर, भिंतीला बोट टेकवून तोल सांभाळत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाच्या वेळी एकदा मागची बाजू दाबून हळू सोडायची आणि मोजायचं, एकदा उचलून हळू सोडायची आणि मोजायचं, दोघांची सरासरी घ्यायची कारण सील आणि बुशच्या घर्षणामुळे गाडी दोन्ही वेळा थोडी वेगळ्या जागी थांबते. दाबून आणि उचलून घेतलेल्या या मापांत सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर स्प्रिंगचा विचार बाजूला ठेवा, लिंकेज सुकलंय नाहीतर चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश धरलाय, तो आधी खोलून ग्रीस करा.

माझी मापं आली ६१२, ६१० आणि ५५८. म्हणजे फ्री सॅग फक्त २, रायडर सॅग ५४, फरक ५२.

गंमत अशी की कॉलर मूळ जागी आणून परत मोजलं तर फ्री सॅग १६ आला, रायडर सॅग ६८. फरक? परत ५२! हे बघून डोक्यात ट्यूब पेटली. प्रीलोडने गाडी नुसती वर-खाली होते, स्प्रिंग कडक होत नाही. हूकने १६७८ साली छापलेला नियम आपण शाळेत पाठ केला होता, जोर जेवढा तेवढी स्प्रिंग दबते, त्यात स्प्रिंग आधी किती आवळली होती याचा काही संबंध नाही. शंभर न्यूटनला एक मिलिमीटर दबणारी स्प्रिंग कितीही आवळा, त्यापुढे शंभर न्यूटनला एकच मिलिमीटर दबणार. तुमच्या वजनाने ती किती दबते हे तुमचं वजन आणि स्प्रिंगचा रेट (एक मिमी दाबायला किती जोर लागतो तो आकडा) ठरवतो, हूक पाना नाही. फक्त एक लक्षात ठेवा, प्रीलोड इतका आवळलेला असेल की फ्री सॅग शून्य येतोय तर फरकाचा आकडा खोटा निघतो, प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. तेव्हा सैल करून परत मोजा.

मग गाडी "टाईट" का वाटायची? कारण आवळलेली मऊ स्प्रिंग उलटं काम करते. वर ढकलायला जोर जास्त, खाली जाताना अडवायला जोर कमी. एकटा असताना गाडी वरच्या टोकाला चिकटून असते म्हणून स्पीडब्रेकरवरून उतरताना खट्ट, आणि मोठा खड्डा आला की पुढचा प्रत्येक मिलिमीटर तितकाच मऊ, म्हणून ठाप्प. दोन्ही आवाज एकाच रोगाचे. मी मात्र खट्ट झालं की सैल करायचो आणि ठाप्प झालं की आवळायचो.

आता किती फरक पाहिजे. १८० च्या आसपास ट्रॅव्हल असलेल्या गाडीला रायडर सॅग ५४ ते ५८ धरला आणि फ्री सॅग १० ते २० च्या मधे, तर फरक साधारण ४० च्या आसपास यायला हवा. रस्त्यावरच्या कमी ट्रॅव्हलच्या गाडीला, १२०-१३० मिमी वगैरे, रायडर सॅग ३० ते ४० आणि फ्री सॅग ५ ते १५. इथे एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना उलटी वाटते. रायडर सॅग बरोबर लावल्यावर फ्री सॅग फार कमी येत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, आणि फ्री सॅग फार जास्त येत असेल तर स्प्रिंग कडक. आपल्याला वाटतं की गाडी एकटी बसतच नाही म्हणजे स्प्रिंग कडक असणार. नाही. मऊ स्प्रिंगला तुमचं वजन झेपत नाही म्हणून तिला एवढी आवळावी लागलीय की गाडीचं वजन तिला हलवूच शकत नाही. मला हे पचायला दोन दिवस लागले.

नवीन स्प्रिंगचा हिशोब मग अगदी किराणा दुकानातला. जुना रेट गुणिले तुमचा फरक भागिले हवा तो फरक. माझा जुना रेट १०० न्यूटन प्रति मिमी, १०० गुणिले ५२ भागिले ४०, आले १३०. लिंकेज किती, लीव्हरेज किती, वजनाचा किती भाग मागच्या चाकावर येतो ही सगळी भानगड त्या मोजलेल्या ५२ मध्ये आधीच आलेली आहे, वेगळी मांडायची गरज नाही. लिंकेजचं प्रमाण ट्रॅव्हलभर सारखं नसतं म्हणून उत्तर दोन-चार टक्के इकडे तिकडे होईल, तेवढं चालतं.

जुना रेट कुठून आणायचा हा खरा डोक्याला ताप. काही स्प्रिंगवर आकडा छापलेला असतो पण एकक बघून घ्या, कोणी न्यूटन प्रति मिमी लिहितो, कोणी किलो प्रति मिमी, अमेरिकन माल असेल तर पाऊंड प्रति इंच. १०० न्यूटन प्रति मिमी म्हणजे साधारण १०.२ किलो प्रति मिमी म्हणजे साधारण ५७० पाऊंड प्रति इंच. आकडा नसेल तर दोन रस्ते. एक, स्प्रिंग खोलल्यावर लेथवाल्याकडच्या प्रेसखाली बाथरूमचा वजनकाटा ठेवायचा, थोडी दाबून एक वाचन, मग अजून ५ मिमी दाबून दुसरं वाचन. माझ्या स्प्रिंगला ५ मिमीत ५१ किलो वाढले, म्हणजे मिलिमीटरला १०.२ किलो. काटा १५० किलोपर्यंतचाच असतो, त्याच्या पलीकडे नेऊ नका, आणि तोंड त्या स्प्रिंगच्या रेषेत ठेवू नका.

दुसरा रस्ता व्हर्नियरचा. तारेची जाडी मोजा, वेटोळ्याचा मधला व्यास (बाहेरच्या व्यासातून एक तार वजा) आणि काम करणारे वेटोळे मोजा, टोकाचे सपाट बसलेले सोडून. तारेची जाडी चारदा मांडून एकमेकांशी गुणायची (चौथा घात), त्याला ७९,००० ने (हा स्टीलचा आकडा) गुणायचं, मग ८ गुणिले व्यासाचा घन गुणिले वेटोळे यांनी भागायचं, सगळं मिलिमीटरमध्ये. माझी तार १२, व्यास ६२, वेटोळे साडेआठ, उत्तर १०१. काट्याशी जुळलं तेव्हा मी गॅरेजमध्येच ओरडलो, मिस्त्रीने चहा सांगितला. या हिशोबातली खरी गोष्ट म्हणजे जाडीचा चौथा घात. तार १२ ची १२.७ म्हणजे अर्धा इंच केली, नुसते ०.७ मिमी, की रेट चक्क २५ टक्क्यांनी वाढतो. म्हणून "दिसायला सारखीच आहे, बसेल" म्हणून कोणाची स्प्रिंग उचलून आणू नका, डोळ्याला ते ०.७ मिमी दिसत नाही.

नाना पेठेत दोन दिवस फिरलो. तिथे सगळं मिळतं पण रेट विचारला की समोरचा आपल्याकडे असा बघतो की जणू आपण शेअरचा भाव विचारतोय. "हेवी ड्युटी आहे साहेब" हे एकच उत्तर. शेवटी भोसरीला एक छोटा स्प्रिंग बनवणारा मिळाला, त्याला नमुना दिला, म्हटलं लांबी हीच, आतला व्यास हाच, तार फक्त अर्धा इंच. आतला व्यास तोच ठेवला की तार जाड झाल्यावर मधला व्यास किंचित वाढतो आणि त्याने रेट थोडा उतरतो, तेवढ्यासाठी त्याने वेटोळ्यात किंचित कमीजास्त केलं, हे त्याला मला सांगावं लागलं नाही, त्यानेच मला सांगितलं. १२५ च्या जवळ येईल म्हणाला, मी १३० चा हट्ट सोडला. एकट्याने ऐंशी टक्के वेळ फिरणारा माणूस, थोडी मऊ बाजूलाच बरी.

त्याने एक तपासणी करायला लावली जी माझ्या डोक्यात नव्हती. तार जाड झाली की सगळे वेटोळे चिकटल्यावरची उंची वाढते. दहा वेटोळे गुणिले १२.७ म्हणजे १२७ मिमी, त्यात शॉकअपचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त किती दबतो ते) ६६ आणि प्रीलोडचे १५-२० मिळवा, त्याच्यावर अजून थोडी मोकळीक, स्प्रिंगची मोकळी लांबी याच्यापेक्षा जास्त पाहिजे. नाहीतर शॉकअप आपटायच्या आधी स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांवर आपटतात आणि ते सगळ्यात वाईट.

स्प्रिंग बदलायचं काम घरी करू नका. शॉकअपवर बसवलेल्या स्प्रिंगमध्ये नुसत्या प्रीलोडचाच दीडशे किलोच्या आसपास जोर अडकलेला असतो, स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर सटकला तर बोट नाहीतर दात जाणार. आणि शॉकअपची बॉडी गॅसवाली असेल तर ती खोलायची नाही, आपल्याला फक्त वरची स्प्रिंग काढायची आहे.

मधे मधे लोकांनी दिलेले सल्ले पण सांगतो. स्प्रिंग तापवून ताणून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभं राहू नका, तापवली की तिचं पाणी उतरतं आणि महिन्यात बसते. एक वेटोळा कापला की स्प्रिंग कडक होते हे खरंय, वेटोळे कमी तेवढा रेट जास्त, पण लांबी जाते आणि टोक सपाट राहत नाही, तिरकी बसून शॉकअपचा रॉड आणि सील खाते. वेटोळ्यात रबर कोंबणं म्हणजे तेवढे वेटोळे बंद करणं, तोच प्रकार, फक्त रबर झिजलं की परत पहिल्यासारखं. आणि "स्प्रिंग जुनी झाली, नरम पडली" हे मी स्वतः दहा वेळा बोललोय. स्प्रिंग जुनी झाल्यावर लांबीला थोडी बसते, रेट तसा बदलत नाही कारण तारेची जाडी आणि वेटोळे तेच असतात. थोडी बसलेली स्प्रिंग प्रीलोडने वर आणता येते. चुकीची स्प्रिंग येत नाही.

रॉडवर तेल दिसत असेल किंवा मागून दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल तर मात्र तो डॅम्पिंगचा (शॉकअपच्या आतल्या तेलाने डुलणं आवरण्याचा) विषय, त्यात स्प्रिंगला दोष देऊ नका.

नवीन स्प्रिंग बसवल्यावर मापं आली फ्री सॅग १४, रायडर सॅग ५६. फरक ४२. मागे बायको बसल्यावर अजून ३५ खाली जाते, जुन्या स्प्रिंगवर तीच ४४ जायची. एवढी जाते कारण मागे बसणाऱ्याचं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावरच येतं, आपलं तसं येत नाही. म्हणून नेहमी दोघं फिरणार असाल तर हिशोब करताना थोडं कडक बाजूला जा. मी दोघं असताना कॉलर ५ मिमी आवळतो, त्याने मागची बाजू साधारण १४ मिमी वर येते. कॉलरवर नेलपॉलिशने दोन खुणा केल्यात, लाल एकट्याची, गुलाबी दोघांची (घरात तेवढेच दोन रंग होते).

रिबाउंड विसरू नका. कडक स्प्रिंग दबल्यावर परत उसळी पण जास्त जोरात मारते, रेट २५ टक्के वाढला तर डॅम्पिंग साधारण १२ टक्के जास्त लागतं. माझ्या शॉकअपला खाली रिबाउंडचा स्क्रू आहे, तीन क्लिक आत घेतला. ज्यांना असा स्क्रू नाही त्यांनी स्प्रिंग १५-२० टक्क्यांच्या वर कडक करायची असेल तर शॉकअपवाल्याकडून आतलं व्हॉल्व्हिंग पण बघून घ्यावं, नाहीतर ठाप्प जाऊन डोलणं येईल. चेन पण परत मोजा, मागची उंची बदलली की ढील बदलते. हेडलाईट पण.

आता हलक्या लोकांचं. माझा मावसभाऊ ५२ किलो, सेम गाडी, सेकंडहँड घेतलेली, त्याची तक्रार की गाडी दगड आहे, कंबर गेली. तो मला म्हणाला मला मऊ स्प्रिंग बनवून दे. आधी मोजलं. कॉलर आधीच्या मालकाने फुल आवळलेली, फ्री सॅग २, रायडर सॅग ३२, फरक ३०. हिशोबाने त्याला ७५ ची स्प्रिंग पाहिजे. पण कॉलर ८ मिमी सैल केल्यावर फ्री सॅग २४ आणि रायडर सॅग ५४ आला, फ्री सॅग हवा त्यापेक्षा चार मिमी जास्त. एवढ्यासाठी नवीन स्प्रिंग? मी नाही म्हटलं. तो अधूनमधून गर्लफ्रेंडला घेऊन फिरतो, तेव्हा तीच कडक स्प्रिंग त्याच्या कामाला येते. खुश आहे.

दोन शॉकअपवाल्या गाड्या, म्हणजे स्प्लेंडर, शाइन वगैरे मंडळी, त्यांनाही हाच फरकाचा हिशोब लागू पडतो, फक्त दोन्ही स्प्रिंग जोडीने बदलायच्या आणि पाच खाचांच्या रिंगने फार मोठा बदल होत नाही हे धरून चालायचं. दुधाचे कॅन लावणाऱ्यांचा विषय वेगळा, त्यांना सॅग वगैरे सांगायला गेलो तर तेच आपल्याला शिकवतील.

परवा परत ताम्हिणी, मग महाड, खेड करत दापोली. जायच्या आधी शॉकअपच्या रॉडवर एक बारीक केबल टाय हलका आवळून ठेवला होता, जितका शॉकअप दबतो तितका तो सरकतो आणि तिथेच राहतो, किती ट्रॅव्हल वापरला ते कळतं. दोघं, दोन बॅगा, येताना वर आंब्याची एक पेटी पण बांधली. घरी येऊन बघितलं तर टाय बंप रबरच्या (शेवटच्या टोकाला आपटू नये म्हणून असलेल्या रबरच्या) ६ मिमी अलीकडे थांबलेला. रिबाउंड अजून एक क्लिक आत घ्यायचाय, मोठ्या गचक्यानंतर एखादी डुलकी जास्त घेते असं वाटतंय.